सासूबाईंचं बारावं मरण

सासूबाई एकूण तेरा वेळा मेल्या. अकरा वेळा मालिकांमध्ये, दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून. तेराव्यांदा खऱ्याखुऱ्या, गेल्या थंडीत, झोपेत. हे शेवटचं मरण त्यांना मुळीच आवडलं नसतं, कारण त्यात त्यांना एकही वाक्य नव्हतं. मधलं बारावं मरण मात्र माझ्या हातून झालं. त्याबद्दल घराबाहेर मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. तसा मी बोलणारा माणूसच नाही. सव्वीस वर्षं शाळेत शिकवतोय, पण गुरुजी काय म्हणाले असं विचारलं तर पोरं सांगतात, "हं म्हणाले." आता त्या नाहीत, माझी आईही नाही. तेव्हा लिहून टाकतो.

'सासूबाई' हे त्यांचं नाव नव्हे. नाव होतं, आणि एके काळी ते पडद्यावर पहिल्या पाटीत यायचं. पण जव्हारपासून मोखाड्यापर्यंत त्यांना कुणी त्या नावानं हाक मारली नाही. जीपमध्ये चढल्या की ड्रायव्हर मागे ओरडायचा, "ए, सरका रे, सासूबाईंना जागा द्या!" आणि एरवी कुणाच्या बापाला न सरकणारी माणसं सरकायची. एखादी नवी सून असली तर ती जरा जास्तच सरकायची.

त्या आमच्याकडे आल्या त्याची गोष्ट अशी. चाळीस वर्षं त्यांनी टीव्हीत काम केलं. सुरुवातीला आठवड्याला एक भाग असायचा तेव्हा नायिकेची मैत्रीण, मग वहिनी. मग एक दिवस त्यांना आई केलं. "तेव्हा मी चौतीसची," त्या सांगायच्या, "आणि मुलगा एकतीसचा! तो सेटवर मला ताई म्हणायचा आणि शॉट लागला की आई. पहिल्याच दिवशी चुकला बिचारा. अग्नीसमोर मला 'ताई, आशीर्वाद दे' म्हणाला." तिथून पुढे सासू, आणि सासूवरून आजी. बारावी मालिका चालू असताना त्यांना सांगण्यात आलं, कथेत नवी माणसं येतायत, आजीला थोडे दिवस गावाला पाठवू या.

त्या धंद्यात हे नेहमीचं आहे म्हणे. एखादं पात्र काही काळ नको असलं की ते गावाला जातं. अगदीच नको असलं की मरतं आणि भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो लागतो. सासूबाईंना हा फरक फार मोलाचा वाटायचा. "त्या अकरांत मी मेले, गुरुजी. यात मी मेलेली नाही. यात मी गावाला गेलेय. गावाला गेलेलं माणूस परत येतं."

आणि पात्र गावाला गेलं म्हणून त्याही गावाला आल्या. पूर्वी कधी चित्रीकरणाला जव्हारकडे आल्या असताना आमच्या वस्तीत, आमच्याच घराच्या मागच्या अंगाला त्यांनी दोन खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. "मुंबईत बसून राहिले तर परत गेल्यावर तोंडावर गाव दिसेल का? नाही दिसणार. प्रेक्षक वेडा नसतो," असं म्हणत त्यांनी कुलूप उघडलं. हातात एक निळी बॅग होती. मालिकेतली आजी जी बॅग घेऊन घराबाहेर पडली, तीच. सेटवरून मागून आणली होती.

ती बॅग दाराजवळ भिंतीला टेकून ठेवलेली असायची. कधी हलवायची नाही, उघडायची नाही. माझ्या बायकोनं एकदा झाडताना उचलली तर भस्सकन वर आली. आत नुसते चुरगाळलेले कागद कोंबलेले. "रिकामी बॅग उचलताना खांदा पडला पाहिजे," सासूबाईंनी तिला लगेच करून दाखवलं. "वजन बॅगेत नसतं वहिनी, खांद्यात असतं." त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे रिकामे हंडेसुद्धा कण्हत कण्हत उचलले जात होते.

या सगळ्याला त्या कंटिन्युइटी म्हणायच्या. म्हणजे माणूस मागच्या शॉटमध्ये जसा होता तसाच पुढच्या शॉटमध्ये दिसला पाहिजे. आजी जांभळ्या साडीत घराबाहेर पडली होती, म्हणून ती साडी पाकळ्या वाळवून घातलेल्या पिशवीत. कपाळावर पांढऱ्या केसांची एक बट, ती तेवढीच राखलेली. आणि वजन. दर आठवड्याला खोडाळ्याच्या बाजाराला जायचं, तांदूळवाल्याच्या काट्यावर पोत्यांच्या रांगेत उभं राहायचं. तो बिचारा पहिल्यांदा वजनाचा आकडा बघून सवयीनं "कोलम की जिऱ्या?" अशी तांदळाची जात विचारून मोकळा झाला होता. मग तोही सरावला. "सासूबाई, पाव किलो वाढलांय," म्हणून स्वतःच काळजीनं सांगायचा. त्या आठवड्यात नागलीची भाकरी अर्धी व्हायची.

"पण दीड वर्ष होत आलं," मी एकदा धीर करून म्हणालो.

"तुमचं दीड वर्ष. तिथं अजून भाऊबीज व्हायचीय," त्या म्हणाल्या.

खरंच व्हायची होती. मी रोज बघत होतो.

आता त्या अकरा फोटोंचं सांगतो. प्रत्येक मालिकेत मेल्यावर सेटवर लावलेला फोटो त्या हारासकट मागून आणत. "फोटो माझा, चेहरा माझा, आणि मेलेही मीच. त्यांचा काय संबंध?" हे अकराही फोटो त्यांनी पुढच्या खोलीत ओळीनं लावले होते. नऊवारीतल्या, पाचवारीतल्या, एक तर विलायती चष्म्यातली, आणि सगळ्यांना चंदनाचे हार. नवा माणूस आत आला की आधी चपला काढायचा आणि मग आवाज उतरवायचा. एकदा आरोग्य सर्वेक्षणाला एक जण आला. मी सोबत होतो. त्यानं फॉर्म काढला, भिंतीकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "घरात अलीकडे कुणाचा मृत्यू?"

"अलीकडे नाही," सासूबाई म्हणाल्या. "शेवटची चार वर्षांपूर्वी. जिन्यावरून पडून."

"अरेरे. अपघात?"

"छे. सुनेनं ढकललं."

त्याचं पेन थांबलं.

"त्याच्या आधीची दुधात विष. ही इकडची आहे ना, हिला धाकट्या जावेनं गच्चीवरून. त्यानंतरची मात्र साध्या हार्ट अटॅकनं गेली, त्यांच्याकडे तेव्हा वेळ नव्हता."

"बाई, या सगळ्या... कोण तुमच्या?"

"मीच."

तो चहा न घेता गेला. फॉर्मवर त्यानं काय भरलं देवाला ठाऊक.

त्या स्वतःच्या धंद्याबद्दल बोलायच्या ते असंच, तक्रार करताहेत की बढाई मारताहेत ते कळायचं नाही. म्हणायच्या, "आमच्यात माणूस तीनदा बघतो. सून गरोदर आहे असं कळलं, एकदा बघायचं. कॅमेरा जवळ येतो, पुन्हा बघायचं. वीज कडाडते, तिसऱ्यांदा. तीस वर्षं मी तीन-तीनदा बघण्याचे पैसे घेतले. आता भाजीवाल्यानं भाव सांगितला तरी मान तीनदा वळते." किंवा, "नथ घालून झोपलेय मी, गुरुजी. शालू नेसून भाजी चिरलीय. सुनेचा तिरस्कार करून करून माझा जबडा दुखायचा. आणि शॉट संपला की तीच सून माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. सोळा सोळा तास काम, पोरीला घर आठवायचं." मग थोडं थांबून म्हणायच्या, "नाव सांगणार नाही. आता मोठी आहे. फोन करेल ती."

फोन. माझ्या गोष्टीची मेख तिथेच आहे.

आमच्या वस्तीत तेव्हा रेंज फक्त माझ्या ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात यायची, तीही छातीच्या उंचीला. जरा वाकलं की गेली. म्हणून सासूबाईंनी तिथल्या खांबाला एक खिळा ठोकून घेतला आणि आपला मोबाइल दुधाच्या पिशवीत घालून त्याला टांगला. रोज सकाळी चार्ज करून टांगायचा, अंधार पडल्यावर न्यायचा. "वाजला तर घ्या, गुरुजी, आणि मला हाक मारा. तुमच्यावर सोडलाय." बहुतेक वेळा कर्ज पाहिजे का, असं विचारणारेच असायचे. मी "हं" म्हणून ठेवायचो. त्या मागच्या दारातून ओरडून विचारायच्या, "आले का?" मी ओरडायचो, "नाही!" दीड वर्ष हे रोजचं.

आणि दुसरीकडे माझी आई.

आई मूळची पोशेऱ्याची. आयुष्य भाताच्या खाचरात आणि नागलीच्या वरकस जमिनीत गेलेलं, अक्षर-ओळख नाही, पण टीव्ही आल्यापासून सगळ्या मालिकांचा हिशोब तोंडपाठ. सासूबाई राहायला आल्या त्या दिवशी आई काठी टेकत त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. मला वाटलं स्वागत करेल. आई म्हणाली, "काय गं भवाने, त्या पोरीचां मंगळसूत्र चोरलास तां कुठां ठेवलास?"

मी जमिनीत गेलो. सासूबाईंनी पदर खोचला, मान वर केली, आणि आवाज असा काढला की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. "चोरलं तर चोरलं! माझ्या घरात मी काय वाटेल ते करीन! तू कोण गं विचारणारी?"

आईच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो माझ्या लग्नातही दिसला नव्हता. वीस वर्षं जिला ती काचेतून शिव्या घालत होती, तिनं आज पहिल्यांदा उलटून उत्तर दिलं होतं. तिथून पुढे रोज संध्याकाळी साडेसातला मालिकेच्या वेळेला सासूबाई आमच्याकडे यायच्या आणि दोघी शेजारी बसून भांडायच्या. आईला त्यांचं आणि पात्राचं वेगवेगळेपण कळत नव्हतं असं मला वाटत नाही. तिला ते नको होतं, इतकंच.

पुढल्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ हळूहळू परत आली, भूक मात्र आली नाही. बायको अंगणवाडीतून येऊन मऊ भात करायची, मी घास धरायचो, आई तोंड मिटून भिंतीकडे बघायची. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर फार दिवस नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं.

"खाऊ नकोस, म्हातारे!" त्या कडाडल्या. "एक शीत खाशील तर खबरदार! हा सगळा भात माझ्या सुनेला उपाशी ठेवून आणलाय मी!"

आईचे डोळे फिरले. तोंड उघडलं. शिवी बाहेर यायच्या आत घास आत गेला.

तेव्हापासून आई फक्त त्यांच्याच हातून जेवली. शिवी, घास, शिवी, घास. अख्खा वाडगा अर्ध्या तासात. जेवण झालं की सासूबाई आमच्या स्वयंपाकघरात येऊन पाणी पीत आणि घसा धरून बसत. "रोज लाइव्ह," म्हणत, "रीटेकसुद्धा नाही." एकदाही चुकल्या नाहीत. मी कधी धन्यवाद दिले नाहीत. हं म्हणालो असेन.

आणि अशातच एका रविवारी दुपारी खिळ्यावरचा फोन वाजला.

बाई बोलत होती, तरुण आवाज, मागे गलका. "नमस्कार, मॅडम आहेत का? त्यांच्या मालिकेतून बोलतेय. आमच्याकडे लग्नाचा ट्रॅक सुरू होतोय, आजीला परत आणतोय. पुढच्या आठवड्यापासून दहा दिवस पाहिजेत, मग पुढे बघू. येतील ना?"

सासूबाई मागे अंगणात पापड वाळत घालत होत्या. मला ओट्यावरून त्यांची पाठ दिसत होती. हाक मारायची एवढंच काम होतं. दीड वर्ष त्यासाठीच मला तिथं ठेवलेलं होतं. पण मला दहा दिवस दिसले, आणि रोज संध्याकाळी मिटलेलं आईचं तोंड. आणि पुढचंही दिसलं. एकदा गेल्या की त्या परत कशाला येतील?

"त्या नाही येणार," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"तब्येत बरी नसते. काम बंद केलंय त्यांनी."

"अरेरे. तुम्ही कोण?"

"घरचाच," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी फोनवर इतकं स्पष्ट आणि इतक्या मोठ्यानं बोललो होतो. आतून बायको बाहेर आली, तिनं ऐकलं होतं. माझ्याकडे बघून परत आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

"आले का?" सासूबाई मागून ओरडल्या.

"नाही!" मी ओरडलो.

पंधरा दिवसांनी साडेसातला नेहमीप्रमाणे त्या आईशेजारी वाडगा घेऊन बसल्या होत्या. टीव्हीवर दिवाणखाना दिसला. सगळे पांढऱ्या कपड्यांत. मग कॅमेरा भिंतीकडे गेला आणि तिथं सासूबाईंचा फोटो होता. हार घातलेला.

एक पात्र रडत म्हणालं, "आजी गावाहून यायला निघाल्या होत्या..."

सासूबाई बघत राहिल्या, एकदाच, लांबलचक. घास हातातच.

"फोटो कुठला लावलाय बघा," शेवटी त्या म्हणाल्या. "जुना. चष्मा नाही त्यात. या आजीला चष्मा होता." मग म्हणाल्या, "हार तर प्लास्टिकचा आहे." आणि अगदी शेवटी, कुणाकडेही न बघता, "एक फोन करायला काय झालं होतं? खिळ्यालाच तर होता."

मी टीव्हीचा रिमोट शोधत होतो. तो माझ्या हातात होता.

आईनं डाव्या हातानं त्यांचं मनगट पकडलं. "मेलीस ती मेलीस," आई म्हणाली, "पन जेवून तरी मरायचां."

दुसऱ्या दिवशी खिळ्याला फोन नव्हता. त्यांनी तो घरातच ठेवला, जिथं रेंज येत नाही. निळी बॅग माळ्यावर गेली. जव्हारला जाऊन केस कापून आल्या, मानेपर्यंत. खोडाळ्याचा तांदूळवाला मला विचारायला लागला, "सासूबाई काट्यावर येत नाय हल्ली?" त्या भरपूर भाकरी खात होत्या. पण साडेसातला यायच्या. आईला जेवू घालायच्या, तोच आवाज, त्याच शिव्या. मी एकदा चाचरत म्हणालो, तुम्हाला नको वाटत असेल तर राहू द्या. तर म्हणाल्या, "तिथं मेले म्हणून इथली शिफ्ट चुकवायची नसते, गुरुजी."

त्यांनी यायचं बंद केलं असतं तर मी कदाचित निभावून नेलं असतं. रोज येत राहिल्या, त्यानं माझी झोप गेली. चार महिने मी शाळेत बेरजा चुकवल्या. मग एक दिवस कागद घेतला आणि सगळं लिहून काढलं. मला लिहिण्याचा एकच प्रकार येतो. वर 'प्रति' घातलं, खाली 'विषय: आपणांस आलेल्या दूरध्वनीबाबत', मग 'महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून'. तो कागद घेऊन त्यांना ओट्यावर गाठलं, रिकाम्या खिळ्याखाली.

त्यांनी दोन ओळी वाचल्या. डोळे माझ्यावर आले. कागद घडी करून परत दिला.

"वाचायचं नाही. बोला."

मी उभा राहिलो. "एके दिवशी दुपारी फोन आला होता. आणि तिकडे असं सांगण्यात आलं, की..."

"कोणी सांगितलं?"

"सांगण्यात आलं, की आपली तब्येत..."

"रीटेक," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, पण हात मांडीवर घट्ट होते. "आणि उजेडात या. तोंड दिसत नाहीये तुमचं."

मी सरकलो. "आई जेवत नव्हती. तुम्ही गेला असतात तर आईचं..."

"आईला मध्ये आणायचं नाही. ती आत झोपलीय. पुन्हा."

तिसऱ्यांदा मी कसाबसा म्हणालो, "तुमच्या कामाचा फोन आला होता. मी खोटं बोललो. तुम्ही गेलात तर परत येणार नाही, याची भीती वाटली. मी घालवलं तुमचं काम."

सासूबाई तीनदा बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बघितलंच नाही. खाली अंगणाकडे बघत विचारलं, "किती दिवसांचं होतं?"

"दहा. मग पुढे बघू म्हणाले."

"अजून काय म्हणाले?"

हे मी कागदातही लिहिलं नव्हतं. "फोन ठेवता ठेवता त्या मुलीनं विचारलं होतं, निळी बॅग मॅडमकडेच आहे ना."

"विचारलं होतं?" त्या म्हणाल्या. "बॅगेचं?"

"हो."

त्यांनी वर रिकाम्या खिळ्याकडे बघितलं. मग उठल्या आणि घरी गेल्या. 'ओके' वगैरे काही नाही.

आठ दिवस माझ्याशी अबोला. संध्याकाळी यायच्या, मला ओलांडून आईकडे जायच्या. शिव्यांचा रोख तेवढा बदलला होता. "खा, म्हातारे, खा! असला मुलगा जन्माला घातलास, तुला जेवायला लाज वाटली पाहिजे!" आणि आई तोंडात घास धरून म्हणायची, "तो बिचारा काय बोलतो का कोनाला?" मी पुढच्या खोलीत वह्या तपासत असायचो. तपासण्यासारखं काही नसलं तरी.

नवव्या दिवशी साडेसात झाले, त्या आल्या नाहीत. आई दाराकडे बघायला लागली. पावणेआठला बायको मागच्या दारानं धापा टाकत आली. "अहो, पुढचं दार आतून लावून घ्या. त्यांनी सांगितलंय. आणि त्यांनी कडी वाजवली की तुम्हीच उघडायचं. आईंना बसतं करा. तो मोठा दिवा लावा, ट्यूब नको."

मी आईला उशा लावून बसवलं. कडी वाजली.

उघडलं तर दारात जांभळी साडी. तिच्यावरचं पोलकं आता त्यांना दंडात घट्ट होत होतं. कापलेले केस पदराखाली घेतलेले, पण कपाळावरची ती एक बट कुठूनशी बाहेर काढलेली. डोळ्यांवर चष्मा. हातात निळी बॅग, आणि उजवा खांदा त्या वजनानं चांगला पडलेला. मला बाजूला व्हायची खूण डोळ्यांनी केली. उजवं पाऊल आत टाकलं. बॅग खाली ठेवली, तेव्हा जमिनीवर पडल्याचा आवाज आला नाही, पण मला ऐकू आला. मग त्यांनी आमच्या घराकडे बघितलं. पत्र्याकडे, कोनाड्यातल्या देवाकडे, टीव्हीकडे. एकदा. दोनदा. तीनदा.

"मी गावाला गेले होते," त्या म्हणाल्या. ते वाक्य त्यांनी दोन वर्षं तयार करून ठेवलेलं असणार. आवाज मोठा नव्हता. "मेले नव्हते."

बायकोनं पदर तोंडाला लावला. आईनं मान पुढे केली, डोळे बारीक करून त्यांना नीट न्याहाळलं, बट, चष्मा, बॅग. सगळं जागच्या जागी होतं.

"आलीस?" आई म्हणाली. मग तिचं कपाळ आठ्यांनी भरलं. "मंग मेली म्हनून सांगितलां कोनी?"

सासूबाई हालल्या नाहीत. पण त्यांची नजर माझ्याकडे आली, आणि मग बायकोची, आणि मग त्या दोघी कुठं बघताहेत ते बघून आईचीही.

"मी," मी म्हणालो. "मी सांगितलं, आई."

आईनं माझ्याकडे बघितलं. मला जन्म देऊन पन्नास वर्षं झाल्यावर ती माझं पहिलं पूर्ण वाक्य ऐकत असावी. "तू बोललास?" ती म्हणाली. "आनि बोललास तां हां बोललास?"

बस, एवढंच. मग तिनं डावा हात पलंगाच्या कडेवर दोनदा आपटला. "बस हितां," ती सासूबाईंना म्हणाली. "जेवान थंड झालां."

पण सासूबाई बसेनात. दारातून दोन पावलं आत, हात अर्धवट पुढे, डोळ्यांत पाणी थोपवलेलं, ओठ किंचित उघडे, तशाच उभ्या. पापणीसुद्धा लवेना. मला वाटलं, यांनाही झटका आला की काय. बायकोनं मला कोपरानं ढोसलं.

"अहो, म्हणा ना. थांबल्यात त्या."

"काय म्हणू?"

"ते नाही का, म्हणतात शेवटी."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी घसा साफ केला.

"कट," मी म्हणालो.

"ऐकू नाही आलं," ओठ न हलवता सासूबाई म्हणाल्या. "फोनवर तर म्हणे चांगला खणखणीत आवाज लागला होता तुमचा?"

मी पुन्हा म्हणालो. मोठ्यानं.